अभावाची नोंद

माझ्या मेजाखाली एका लहानशा यंत्रात तीन हार्ड डिस्क बसविलेल्या आहेत. पहिली वडिलांच्या हयातीत घेतलेली, दुसरी ती भरली म्हणून घेतलेली, आणि तिसरी दुसरीही भरली म्हणून. त्यामुळे घरातील जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह कोणत्याही विषयवारीने न लागता केवळ जागा संपत गेली त्या क्रमाने तिघींत विखुरला गेला. गणेशोत्सवातील व्याख्यानमालेची आरंभीची वर्षे पहिलीवर, पुढची तिसरीवर, नाट्यपदे तिन्हींवर थोडथोडी, आणि प्रत्येकीवर ‘गायन’ या एकाच नावाची एकेक डिरेक्टरी, अशी ती वाटणी होती; एखादे पद ऐकावेसे वाटले की तीन दप्तरे सोडून तिन्ही धुंडाळावी लागत, आणि सापडेपर्यंत ऐकण्याची इच्छा बहुधा उरत नसे. सारे एकीवर हलवावे, तर तेवढी मोठी डिस्क हाताशी नव्हती. चुली तीन राहिल्या तरी चालतील, पंगत मात्र एक व्हावी, असे काही करता येईल काय, या विचाराने मी ज्या शास्त्राच्या वाटेला गेलो त्याचे नाव यूनियन फाइलसिस्टीम, म्हणजे अनेक डिरेक्टऱ्या एकत्र करून त्या एकीच्याच रूपाने दाखविणारी व्यवस्था.

ही व्यवस्था मुळात शक्य का होते हे कळण्यासाठी डिरेक्टरीविषयीचा एक रूढ गैरसमज आधी दूर सारला पाहिजे. डिरेक्टरी म्हटले की आपल्या मनापुढे कप्पा किंवा पेटी उभी राहते, आणि पडद्यावरचे ते पिवळे पाकीट त्या समजुतीला दुजोराच देते. वस्तुतः युनिक्सच्या वंशातील सर्व प्रणालींत डिरेक्टरी ही एक फेरिस्त असते: एका रकान्यात नाव, दुसऱ्यात क्रमांक, आणि त्या क्रमांकाच्या आधारे आयनोड नावाच्या नोंदीकडे गेले की फाइलीचा आकार, मालक, तारखा आणि तिचा मजकूर डिस्कच्या कोणकोणत्या भागांत पडला आहे तो तपशील हाती लागतो. फाइल डिरेक्टरीत राहत नाही, तिचे नाव तेवढे तेथे नोंदलेले असते. एका पेटीत दुसरी पेटी रिकामी केल्यावाचून दोन पेट्या एक होत नाहीत, परंतु दोन फेरिस्ता कोणासही न हलविता एकापाठोपाठ एक वाचून दाखविता येतात, आणि वाचणाऱ्याने मध्ये श्वास घेतला नाही तर ऐकणाऱ्यास त्या दोन आहेत हे समजतही नाही.

साध्या ‘माउंट’मध्ये, म्हणजे एखादी डिस्क एखाद्या डिरेक्टरीच्या जागी जोडण्याच्या क्रियेत, असे होत नाही. एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी डिस्क माउंट केली की जुनी डिरेक्टरी झाकली जाते, जुन्या पाटीवर नवी पाटी ठोकावी तशी. खालचे काही पुसलेले नसते, पण वरची काढेपर्यंत दिसतही नाही. यूनियनची मूळ कल्पना एवढीच की वरची पाटी काचेची असावी. जेथे तिच्यावर अक्षरे आहेत तेथे ती वाचावीत, जेथे नाहीत तेथे खालची दिसावीत. आणि दोन्हींवर एकाच जागी अक्षरे असली तर? फाइल असेल तर वरची खरी मानावी. डिरेक्टरी असेल तर तिच्या आतल्या फेरिस्ताही याच रीतीने एकत्र कराव्यात.

ही काच घडविणाऱ्या आरंभीच्या कारागिरांत न्यू जर्सीतील बेल लॅब्सच्या मंडळींचा मान मोठा आहे. ज्या संस्थेत युनिक्स जन्मले तेथेच केन थॉम्प्सन, रॉब पाइक आणि त्यांचे सहकारी यांनी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘प्लॅन नाइन’ ही नवी प्रणाली रचावयास घेतली, आणि १९९२ मध्ये ती विद्यापीठांच्या हाती दिली. युनिक्समध्ये आज्ञांचे प्रोग्राम अनेक ठिकाणी विखुरलेले असतात आणि ते कोठे कोठे व कोणत्या क्रमाने शोधावेत याची यादी ‘पाथ’ नावाच्या चलात प्रत्येकाने बाळगावी लागते. प्लॅन नाइनच्या कर्त्यांनी ही यादी जवळजवळ निकालात काढली. यंत्राच्या जातीनुसार तयार केलेले प्रोग्राम एका ठिकाणी, सर्व यंत्रांवर चालणाऱ्या स्क्रिप्ट दुसऱ्या ठिकाणी आणि माणसाच्या खाजगी स्क्रिप्ट त्याच्या घरच्या डिरेक्टरीत, ही सर्व स्थळे त्यांनी ‘बाइंड’ या आज्ञेने ‘बिन’ या एकाच डिरेक्टरीत एकत्र दाखविली. नवी डिरेक्टरी आधीच्यांच्या पुढे बसवावी की मागे, हे त्या आज्ञेसोबतच्या एका अक्षराने ठरे. आणि नवी फाइल निर्माण झाल्यास ती कोणाच्या पदरी जावी याचा निवाडाही अशाच एका अक्षराने होई, कारण ज्या डिरेक्टरीस तशी मुभा दिली असेल अशी क्रमातील पहिली तिची धनी ठरे. शिवाय प्रत्येक प्रोग्रामास स्वतःचे निराळे जग पाहण्याची सोय असल्याने एकाने रचलेली पंगत दुसऱ्यावर लादली जात नसे. ही योजना इतकी सुटसुटीत राहिली याचे एक कारण असे की तिच्या कर्त्यांनी तिच्याकडून फार मागितले नाही. एकत्रीकरण वरच्या एका पातळीपुरतेच होई, आतल्या डिरेक्टऱ्या मिसळत नसत. आणि एखादी फाइल काढून टाकली असता तिच्याच नावाची दुसरी मागून डोकावली, तर ती खुशाल डोकावू दिली जाई.

अडचण उद्भवते ती खालचा थर अस्पर्श्य असतो तेव्हा, आणि व्यवहारात तो बहुधा तसाच असतो. सन कंपनीने ऐंशीच्या दशकात जी ‘ट्रान्सल्यूसंट फाइल सर्व्हिस’ केली, तिच्यात प्रोग्रामांचा सामाईक मूळ मजकूर खाली ठेवून प्रत्येक कारागिराने आपल्यापुरते बदल वरच्या थरात करावेत अशी तजवीज होती. पुढे जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांची ‘नॉपिक्स’ लोकप्रिय झाली. सातशे मेगाबाइटांच्या एका सीडीवर सुमारे दोन गिगाबाइटांचे लिनक्स दाबून बसविलेले, सीडी घालावी आणि संगणकाच्या डिस्कला हात न लावता सारी प्रणाली चालू करावी, असा तो चमत्कार होता. परंतु सीडीवर लिहिता येत नाही, आणि लिहिल्यावाचून कोणतीच प्रणाली फार वेळ जगत नाही. २००५ च्या सुमारास नॉपिक्सने यूनियनचा आश्रय केला: खाली सीडी, वर संगणकाच्या स्मृतीत राखलेला एक रिकामा थर, आणि दोन्हींचे मिळून एक दर्शन. सीडीवरची फाइल कोणी वाचावयास मागितली तर ती सीडीवरूनच मिळे. पण तीत फेरफार करू म्हटले की आधी तिची नक्कल वरच्या थरात उतरविली जाई आणि दुरुस्ती नकलेत होई. यास ‘कॉपी-अप’ म्हणतात. अस्सल कागद दप्तरखान्याबाहेर न देता नक्कल देणारा जुना दप्तरदार ज्या न्यायाने वागे, तोच हा न्याय. भेद इतकाच की येथे मागणाऱ्यास आपल्या हाती नक्कल पडली याचा पत्ताही लागत नाही.

येथवर सर्व ठीक चालते. वाचणे झाले, लिहिणे झाले, नवे निर्माण करणेही झाले. राहिले पुसणे.

सीडीवरची एखादी फाइल वापरणाऱ्याने काढून टाकली. ती खाली आहे, म्हणून खरोखर काढता येत नाही. वरच्या थरात ती नाहीच, म्हणून तेथून काढण्यासारखे काही नाही. काहीच न करावे तर पुढच्याच क्षणी फेरिस्त वाचताना ती पूर्ववत् हजर. तेव्हा तिचे नसणे कोठे तरी लिहून ठेवणे भाग पडते. आपल्याकडील न्यायशास्त्राशी ज्याचा थोडाफार परिचय आहे त्याला येथे एक जुना वाद आठवल्यावाचून राहणार नाही. भूतलावर घट नाही, असे आपण म्हणतो तेव्हा आपणांस नेमके कशाचे ज्ञान होते? प्राभाकर मीमांसक म्हणत की केवळ भूतलाचे. घटाचा अभाव म्हणून निराळी वस्तू नाही, मोकळी जमीन दिसली एवढेच. नैयायिकांना व वैशेषिकांना हे पटेना. त्यांच्या परंपरेने द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सहा भावपदार्थांच्या पंक्तीला अभाव हा सातवा पदार्थ आणून बसविला, आणि त्याचे प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव व अन्योन्याभाव असे चार प्रकार केले. साधी फाइलसिस्टीम ही पक्की प्राभाकर आहे. फाइल पुसली म्हणजे फेरिस्तेतून नाव गेले, उरली ती मोकळी जमीन, आणि त्या जमिनीवर पूर्वी काही होते की नव्हते याचा तिच्या दफ्तरी दाखला नाही. यूनियन फाइलसिस्टीमला मात्र नैयायिक झाल्यावाचून गत्यंतर नाही. तिच्यात प्रध्वंसाभाव हा पदार्थ असतो, त्याला नाव असते, आणि डिस्कवर तो जागाही अडवितो.

या पदार्थाला संगणकशास्त्रात ‘व्हाइटआउट’ म्हणतात, आणि टंकलेखक चूक झाकण्यासाठी जो पांढरा द्रव लावीत त्याची आठवण व्हावी असेच ते नाव आहे. त्याचे रूप मात्र प्रत्येक संप्रदायात निराळे. बर्कलीच्या ४.४ बीएसडी प्रणालीत जॅन-सायमन पेंड्री आणि मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी यूनियन माउंट आणले (त्याविषयीचा त्यांचा निबंध १९९५ मधला), आणि तेथे व्हाइटआउट ही डिरेक्टरीतील नोंदीचीच एक स्वतंत्र जात ठरली. त्या परंपरेत एक गंमत आहे: फाइल नष्ट करणाऱ्या ‘आरएम’ याच आज्ञेला मोठे ‘डब्ल्यू’ हे अक्षर जोडले की ती व्हाइटआउट पुसून झाकलेली फाइल परत आणते, म्हणजे अभावाचा अभाव करून भाव सिद्ध करते. लिनक्सवरील काही यूनियन-प्रणाली अमुक नावाची फाइल नाही हे सांगण्यासाठी त्याच नावामागे ‘डब्ल्यूएच’ हा उपसर्ग टिंबांसह जोडलेली एक फाइल वरच्या थरात ठेवीत. आज प्रचलित असलेली ‘ओव्हरलेएफएस’ तर त्या नावाचे एक उपकरणच उभे करते, ज्याचे दोन्ही क्रमांक शून्य असतात. शून्य-शून्य क्रमांकाचे उपकरण जगात कोठेही नसल्याने नास्तीचे चिन्ह म्हणून ते बिनदिक्कत वापरता येते. सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर ज्याचा हक्क संपला त्याचे नाव नाहीसे न करता त्याला कंस घालतात, त्यातला हा प्रकार, एवढाच फरक की उतारा वाचणाऱ्यास कंस दिसतो आणि यूनियनमधून पाहणाऱ्यास दिसू द्यावयाचा नसतो.

अभावाला एकदा पदार्थ म्हणून घरात घेतले की त्याच्या मागोमाग त्याचे नातलगही येतात. समजा, एक अख्खी डिरेक्टरी पुसली आणि लगेच त्याच नावाची नवी, रिकामी डिरेक्टरी निर्माण केली. नियमाप्रमाणे एकाच नावाच्या डिरेक्टऱ्या मिसळावयाच्या. म्हणजे पुसलेला सारा संसार नव्या घरात पुन्हा नांदू लागणार. हे टाळण्यासाठी नव्या डिरेक्टरीवर ‘अपारदर्शक’ असा शिक्का मारावा लागतो, की येथून खाली पाहू नये. आणखी एक कोडे पाहा. एखाद्या डिरेक्टरीतील सर्व फाइली एकेक करून पुसल्या. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ती रिकामी आहे, पण वरच्या थरात ती व्हाइटआउटांनी गच्च भरलेली आहे. आता ती डिरेक्टरी काढून टाकावयाची, तर हे सारे अभाव हटवून त्यांच्या जागी एक मोठा अभाव ठेवावा लागतो, आणि तोही एका झटक्यात, कारण मध्येच वीज गेली तर मेलेल्या फाइली जिवंत होऊन बसावयाच्या. याचसाठी ओव्हरलेएफएसला वरच्या थराशेजारी, त्याच डिस्कवर, एक ‘वर्क’ नावाची माजघरासारखी डिरेक्टरी द्यावी लागते; वस्तू तेथे सिद्ध करावयाची आणि मग नाव बदलून एका क्षणात बाहेर आणावयाची, कारण नामांतर हे एकाच डिस्कच्या हद्दीत अविभाज्य रीतीने होऊ शकते.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, या विद्येला प्रवेश मिळण्यास जो विलंब लागला तो अशाच कोड्यांमुळे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात एरेझ झाडोक यांच्या हाताखाली ‘यूनियनएफएस’ वाढले. जपानचे जुंजिरो ओकाजिमा यांनी २००६ पासून ‘ऑफ्स’ नावाची अधिक समर्थ रचना केली आणि ती वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळली. लोक दोन्ही वापरीत, पण कर्नलच्या मुख्य प्रवाहात त्यांपैकी एकीसही रुजू करून घेतले गेले नाही. अखेरीस मिक्लोश सेरेदी यांची ओव्हरलेएफएस डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या आवृत्तीत दाखल झाली, आणि तीही पुष्कळ गोष्टी सोडून देण्याचा शहाणपणा दाखवून. लिहिण्यासाठी अनेक थर नाहीत, एकच. आरंभी तर खालचा थरही एकच होता. जी दुखणी पूर्ण बरी होण्यासारखी नव्हती ती तिने कागदोपत्री कबूल केली. एका प्रोग्रामने खालची फाइल वाचण्यासाठी उघडून ठेवली आणि नंतर दुसऱ्याने तीच लिहिण्यासाठी उघडली, तर दुसऱ्याला नक्कल मिळते आणि पहिला अस्सलच वाचीत बसतो. एकाच नावाखाली दोघे दोन निरनिराळे मजकूर पाहतात. चार गिगाबाइटांच्या फाइलीत एक अक्षर बदलावयाचे झाले तरी चारही गिगाबाइट वर चढवावे लागतात. नुसता मालक बदलावयाचा असला तरी पूर्वी हाच दंड पडे, तो चुकविण्याची सोय २०१८ मध्ये झाली. आणि माउंट चालू असताना कोणी पाठीमागून खालच्या थरात ढवळाढवळ केली तर काय होईल, यावर दस्तऐवजातील उत्तर असे की परिणाम अनिश्चित राहील, मात्र यंत्रणा कोसळणार नाही. इतके प्रामाणिक आश्वासन मी सरकारी परिपत्रकातही क्वचित वाचले आहे.

या विद्येचे भाग्य खरे उघडले ते ‘डॉकर’ने. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या साधनाने प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व साहित्य एका गाठोड्यात बांधून कोणत्याही सर्व्हरवर उघडण्याची रीत रूढ केली. गाठोडे थरांचे असते: तळाशी लिनक्सचा सामान्य संसार, त्यावर एखादी भाषा, त्यावर आपला प्रोग्राम. एका सर्व्हरवर अशी शंभर गाठोडी चालत असली आणि सर्वांचा तळ एकच असला तर तो तळ डिस्कवर एकदाच ठेवला जातो. प्रत्येकाच्या वाट्याला फक्त लिहिण्यापुरता पातळसा वरचा थर येतो, आणि काम संपताच तोच तेवढा फेकून दिला जातो. आरंभी डॉकर ऑफ्सवर चाले, पुढे ओव्हरलेएफएसवर आले. येथेही अभावाच्या तत्त्वाने अनेकांना चकविले आहे. एका थरात सांकेतिक शब्द असलेली फाइल घातली आणि पुढच्या थरात ती पुसली, तर चालणाऱ्या प्रोग्रामाला ती दिसत नाही हे खरे. परंतु खालच्या थरात ती सुखरूप असते, आणि गाठोडे ज्याच्या हाती जाईल तो थर सुटे करून ती निवांत वाचू शकतो. गाठोड्याचे वजनही पुसण्याने उतरत नाही, उलट अभावाच्या नोंदीपुरते किंचित वाढते. हे ठाऊक नसल्याने आपली गुपिते जगभर वाटून बसलेले पुष्कळ आहेत.

घरोघरीच्या वाय-फायच्या डब्यांत जेथे ‘ओपनडब्ल्यूआरटी’ चालते तेथेही अशीच रचना असते: खाली न बदलणारी, दाबून बसविलेली मूळ प्रणाली, वर आपले बदल. डबा मूळ स्थितीवर आणावयाचा म्हणजे वरचा थर पुसावयाचा, यापलीकडे त्यात जादू नाही.

आता माझ्या मेजाखालच्या तीन डिस्कांकडे परत येतो. माझ्या कामाला ओव्हरलेएफएस निरुपयोगी, कारण तिच्यात एकच थर लिहिण्याजोगा आणि बाकीचे गोठलेले; मला तर तिन्ही जिवंत हव्या होत्या. मी ‘मर्जरएफएस’ ही प्रणाली घेतली. तिच्यात वर-खाली असा भेद नाही, तिन्ही डिस्क समान हक्काच्या भाऊबंद; नवी फाइल कोणाकडे जावी हे धोरणाने ठरते, आणि जिच्यावर सर्वांत अधिक जागा मोकळी असेल तिच्याकडे जावी हे धोरण मी पत्करले. प्रत्येक फाइल अखंड एकाच डिस्कवर राहते, त्यामुळे उद्या एक डिस्क निकामी झाली तरी बाकीच्या दोघींचा संसार सुरक्षित राहील, हेही समाधान होते. एका सायंकाळी सारे जुळले, आणि ‘गायन’ या एका डिरेक्टरीत चाळीस वर्षांचे गाणे एका रांगेत उभे राहिलेले पाहून मला जो आनंद झाला तो येथे वर्णन करीत बसत नाही.

काकांच्या आवाजातील एक नाट्यपद त्यांत होते. पहिल्या डिस्कवर ते खरखरीसकट, घाईने उतरविलेले. तिसऱ्या डिस्कवर, पुढे सवडीने साफ करून, त्याच नावाने ठेवलेले. एकत्र पंगतीत नाव एकच दिसणार आणि क्रमाने आधी सापडेल तीच फाइल वाजणार, म्हणून खरखर ऐकू आली. मी विचार केला की ही पुसावी, म्हणजे मागची स्वच्छ प्रत आपोआप पुढे येईल. प्लॅन नाइनमध्ये तसेच झाले असते. पण मर्जरएफएस ही अभावाची नोंद ठेवीत नाही, तिच्यात व्हाइटआउट नाही. आणि एक प्रत पुसताच त्याच नावाची दुसरी उगवली असती, तर पुसणे या क्रियेला अर्थच उरला नसता. म्हणून पुसण्याची आज्ञा ती मुळात, दुसरे काही सांगितले नसेल तर, त्या नावाच्या जेथे जेथे प्रती असतील तेथे सर्वत्र बजावते. दस्तऐवजात हे लिहिलेले होते, आणि मी ते नंतर वाचले. माझ्या एका आज्ञेसरशी खरखरीची प्रतही गेली आणि स्वच्छही गेली. फेरिस्तेत नाव नाही, व्हाइटआउट नाही, कंस नाही, केवळ भूतल.

मूळ कॅसेट कपाटात आहे. ती वाजविणाऱ्या यंत्राचा पट्टा तुटला असल्यामुळे ते दुरुस्तीला दिले आहे, आणि तसा पट्टा आता मिळत नाही, पण पाहतो, असे दुकानदाराने परवा सांगितले.